शिकविलेले उरते कसे

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत जी एक तक्रार, शाळा बदलल्या, पुस्तके बदलली आणि सरकारे बदलली तरी, वर्षानुवर्षे जवळजवळ त्याच शब्दांत ऐकू येते, ती म्हणजे ‘काल वर्गात सगळ्यांना येत होते, आज विचारावे तर एकाचेही तोंड उघडत नाही’ ही होय. या तक्रारीचे खापर सामान्यतः मुलांच्या आळसावर, पालकांच्या बेफिकिरीवर आणि अलीकडे मोबाइलवर फोडले जाते, आणि एकदा ते फोडले की शिक्षकाच्या स्वतःच्या कामाची झडती घेण्याचे कारण उरत नाही. वस्तुतः या तक्रारीचा पहिला भागच अधिक बारकाईने पाहण्यासारखा आहे. काल ‘येत होते’ म्हणजे नेमके काय घडले होते? तासाच्या अखेरीस वर्गात जे दिसते ते आणि महिन्याभराने मुलाच्या ठिकाणी जे शिल्लक असते ते, या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत; इतकेच नव्हे तर पहिली जितकी सुरळीत आणि बिनतक्रार पार पडावी तितकी दुसरी क्षीण व्हावी, असे पुष्कळदा घडते. अध्ययनाच्या शास्त्राने शिक्षकाच्या हाती दिलेली सर्वांत उपयुक्त गोष्ट मला हीच वाटते, आणि पुढे जे काही सुचविले आहे ते सारे या एका भेदावर उभे आहे.

हे लिहिताना आळंद तालुक्यातील मराठी शाळांत शिकविणारे शिक्षक मी प्रामुख्याने डोळ्यांपुढे ठेवले आहेत. 1948 पर्यंत निजामी अमलाखाली असलेला आणि 1956 च्या भाषावार पुनर्रचनेत म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक, राज्यात गेलेला हा तालुका एका अंगाने अक्कलकोटला व दुसऱ्या अंगाने उमरग्याला लागून आहे. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात या दोहोंबरोबर दखनी, आणि शाळेत या सर्वांवर इंग्रजी, अशा भाषांच्या गर्दीत येथील मूल वाढते. त्याचे पाठ्यपुस्तक मराठीत असले तरी ते कर्नाटकाच्या अभ्यासक्रमाचे असते, आणि 2015 च्या कायद्याने राज्यातील शाळांत कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकणे आवश्यक केले आहे. जेथे पट थोडा, एकेका शिक्षकाच्या हाती दोन-तीन इयत्ता, तुरीच्या काढणीच्या दिवसांत रिकामी पडणारी बाके आणि मराठीत छापलेल्या पूरक साहित्याची वानवा, तेथे बालमानसशास्त्राच्या गप्पा कशाला, असे कोणी म्हणेल. माझे म्हणणे नेमके उलट आहे. ज्या उपायांना पैसा लागत नाही, निराळा तास लागत नाही आणि वरिष्ठांचा हुकूमही लागत नाही, त्यांची गरज अशाच शाळांना सर्वाधिक असते.

स्मृतीच्या शास्त्रीय अभ्यासाचा आरंभ हेरमान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाच्या 1885 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथापासून धरतात. त्याने अर्थशून्य अक्षरगटांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या, निरनिराळ्या अंतरांनी त्याच याद्या पुन्हा पाठ करून पाहिल्या, आणि दुसऱ्या खेपेस किती श्रम वाचतात याचा काटेकोर हिशेब ठेवला. तासाभरातच निम्म्याहून अधिक लाभ नाहीसा होतो, एका दिवसानंतर सुमारे एक तृतीयांश उरतो, मात्र त्यानंतर घसरण मंदावते आणि महिना लोटल्यावरही सुमारे एक पंचमांश भाग टिकून राहतो, असे त्याला आढळले. वर्गातील धडा अर्थशून्य नसतो, म्हणून हे आकडे जसेच्या तसे शाळेला लावू नयेत. परंतु विस्मरण प्रथम वेगाने आणि मग सावकाश होते, ही गोष्ट पुढच्या संशोधनातही टिकली आहे. तेव्हा काल शिकविलेले आज विसरणे हा मुलाचा गुन्हा नसून तो मनाचा नित्यक्रम आहे, आणि ज्या शिक्षकाने हा नित्यक्रम जमेस धरून आठवड्याची आखणी केली नाही, त्याचा बराचसा वेळ वाहून गेलेले पुन्हा आणण्यातच जातो.

आपल्याकडे दिवेलागणीला मुलांना देवापुढे बसवून जो परवचा म्हणवून घेत, त्यात या शास्त्रातील दोन तत्त्वे नकळत सामावली होती: पुस्तक मिटलेले असे, आणि उजळणी रोज होत असे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी ही सारी संपत्ती त्या वेळी मुलांच्या जिभेवर नांदत असे. नव्या शिक्षणविचाराने या पाठांतराची पुष्कळ थट्टा केली. ती थट्टा निम्मी न्याय्य होती आणि निम्मी अविचाराची. कारण ज्याला सात आठे छप्पन्न विचार न करता येते, त्याचे मन उदाहरणाच्या खऱ्या अडचणीकडे वळण्यास मोकळे राहते, आणि ज्याला ते येत नाही तो अडचणीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच दमतो. तथापि परवच्याचा दोषही स्पष्ट आहे. साताचा पाढा धडाधड म्हणणाऱ्या एखाद्या मुलास मध्येच ‘सात आठे किती?’ असे विचारून पाहावे. ते छताकडे पाहते, ओठांतल्या ओठांत ‘सात एके सात’पासून निघते, पाठीमागे धरलेल्या हाताची बोटे एकेक करून मिटत जातात, आणि सात साते एकोणपन्नासचा मुक्काम मागे टाकल्यावर एकदम ‘छप्पन्न!’ असा विजयी उद्गार बाहेर पडतो. मुलाला चाल येत होती. छप्पन्न येत नव्हते. यावर पाढे बंद करणे हा उपाय नव्हे. ते क्रमाने येऊ लागले की लगेच क्रम मोडून विचारावेत, उलटे विचारावेत (छप्पन्न रुपये सात जणांत वाटले तर?), आणि एका बैठकीत दोन-तीन पाढ्यांतील प्रश्न मिसळावेत.

मिटलेल्या पुस्तकाचे माहात्म्य किती आहे, हे अमेरिकेतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात फार सुरेख रीतीने दिसते. विद्यार्थ्यांना काही उतारे देण्यात आले. काही उतारे त्यांनी लागोपाठ दोनदा अभ्यासले. काही एकदाच अभ्यासून, मग कागद बाजूस ठेवून, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचलेल्या उताऱ्यांतील 81 टक्के भाग आठवला आणि लिहून काढलेल्यांतील 75 टक्के. म्हणजे दोनदा वाचणे सरस ठरले. आठवड्याने मात्र पारडे फिरले, दोनदा वाचलेल्यांतील 42 टक्के उरले आणि आठवून लिहिलेल्यांतील 56 टक्के. ज्या शिक्षकाने पाच मिनिटांनंतरचाच निकाल पाहिला असता, त्याने जन्मभर चुकीची पद्धत बरोबर समजून चालविली असती. आणि आपण सारे बहुतेक वेळा पाच मिनिटांनंतरचाच निकाल पाहत असतो. धडा पुन्हा वाचला की तो ओळखीचा वाटतो, आणि ओळखीचे वाटणे म्हणजे येणे, अशी मुलाची आणि शिक्षकाची एकाच वेळी फसगत होते. अहमदशहा बहमनीने राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला हलविली, हे वाक्य पुस्तकात दिसले की प्रत्येक मूल मान डोलावते. पुस्तक मिटून ‘कोणी हलविली, कोठून कोठे?’ असे विचारले की वर्गात जी शांतता पसरते ती खरी स्थिती सांगते.

हे वर्गात आणण्याची रीत अगदी साधी आहे. दिवसाच्या पहिल्या तासाची आरंभीची आठ-दहा मिनिटे, हजेरी झाल्याबरोबर, तीन प्रश्नांसाठी राखून ठेवावीत: एक कालचा, एक गेल्या आठवड्यातला आणि एक महिन्यापूर्वीचा. वह्या-पुस्तके दप्तरात. प्रत्येक मुलाने उत्तर पाटीवर लिहावे, आणि ‘पाट्या वर’ म्हटल्यावर सर्वांनी एकदमच पाटी उचलून धरावी. हात वर करणाऱ्यालाच विचारण्याची जी आपली जुनी सवय आहे, तिच्यात आठवण्याचे श्रम फक्त ज्याला आधीच येते तो करतो, आणि बाकीची मुले त्याचे उत्तर ऐकून ‘आम्हालाही येत होते’ असे मनाशी म्हणतात. पाटी हे आळंदच्या बाजारात आजही मिळणारे स्वस्त साधन या कामी कोणत्याही पडद्यापेक्षा सरस आहे, कारण एका दृष्टिक्षेपात पंधरा उत्तरे दिसतात. दोन पथ्ये मात्र पाळावीत. पहिले असे की, या प्रश्नांना गुण देऊ नयेत आणि त्यांची कोठेही नोंद होणार नाही हे मुलांना स्वच्छ सांगावे. भीतीपोटी शेजाऱ्याच्या पाटीवर नजर गेली की सारा खटाटोप फुकट गेला. दुसरे असे की, बरोबर उत्तर तेथल्या तेथे सांगावे व चुकलेल्याने ते पुसून पुन्हा लिहावे. चुकीचे उत्तर दुरुस्तीवाचून तसेच राहू दिले तर तेही मनात घर करून बसते.

महिन्यापूर्वीचा प्रश्न कशासाठी, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. निकोलस सेपेडा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये साडेतेराशेच्या वर लोकांवर केलेल्या प्रयोगात असे दिसले की, उजळणीचे योग्य अंतर ती माहिती किती दिवसांनी लागणार यावर अवलंबून असते: आठवड्याने लागणार असेल तर एका दिवसाचे अंतर उत्तम ठरले, वर्षाच्या आसपास लागणार असेल तर सुमारे तीन आठवड्यांचे. आपली पाठ्यपुस्तके याच्या बरोबर विरुद्ध रचलेली असतात. जुलैत अपूर्णांक येतात, पंधरा दिवस त्यांचाच धुमाकूळ चालतो, ‘पाठ संपला’ असा शेरा पडतो, आणि मग त्यांची गाठ एकदम वार्षिक परीक्षेच्या तोंडावर पडते. पुस्तकाचा क्रम बदलणे आपल्या हाती नाही, परंतु तीन आठवड्यांनी दोन, पुन्हा महिन्याने दोन असे अपूर्णांकाचे प्रश्न सकाळच्या पाटीवर आणणे पूर्णतः आपल्याच हाती आहे. कर्नाटकात शाळा उघडताच, मागच्या इयत्तेतील उणिवा भरून काढण्यासाठी, सेतुबंधाचा कार्यक्रम होतो. पूर्वचाचणी होते, तक्ते भरले जातात, उत्तरचाचणी होते, आणि त्यानंतर ते कागद बहुतेक ठिकाणी दप्तरी दाखल होतात. ते कागद कपाटात न टाकता वर्गातील फळ्याशेजारी टांगावेत आणि दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत सकाळचा तिसरा प्रश्न त्यांतूनच काढावा; आयते मिळालेले एवढे चांगले साधन वाया घालविणे परवडणारे नाही. याचा आणखी एक लाभ आमच्याकडच्या शिक्षकांच्या तेव्हाच ध्यानात येईल. डिसेंबर-जानेवारीत तुरीच्या काढणीला, किंवा आईबाप पुण्या-मुंबईकडे कामाला गेले म्हणून, जे मूल पंधरा दिवस शाळेत येत नाही, त्याच्या बाबतीत एकदाच शिकवून संपविलेला पाठ कायमचा हुकतो. पुनःपुन्हा डोके वर काढणारा पाठ मात्र त्याला कोठे ना कोठे गाठतोच.

आता ज्या विषयात आळंदच्या शिक्षकापाशी पुण्याच्या शिक्षकापेक्षा अधिक भांडवल आहे, त्याकडे वळतो. 2019 च्या जूनमध्ये महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून मोठा गदारोळ उठला. सत्तावीस या शब्दाच्या जोडीने ‘वीस सात’ अशी संख्यावाचनाची रीत पुस्तकात दिली होती, आणि तिच्यावर विनोदांचा नुसता पाऊस पडला. गणित समितीच्या अध्यक्षा, गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी तिच्या समर्थनार्थ मांडलेला मुद्दा असा होता की, मराठीत संख्यांची नावे जोडाक्षरांनी भरलेली आहेत, शिवाय त्यांत एककाचा उच्चार आधी आणि दशकाचा नंतर होतो, आणि लहान मुलावर याचा भार पडतो. कन्नडसारख्या दाक्षिणात्य भाषांत संख्या लिहिण्याच्याच क्रमाने उच्चारतात. वादात मराठीच्या अस्मितेविषयी पुष्कळ बोलले गेले, मुलाच्या मनावरील भाराविषयी त्या मानाने फारच थोडे.

हा भार प्रत्यक्ष पाहायचा असेल तर पहिली-दुसरीच्या मुलाला ‘सत्तेचाळीस’ लिहायला सांगावे आणि त्याच्या उत्तराकडे न पाहता पेन्सिलीच्या टोकाकडे पाहावे. काही मुले ऐकल्याबरोबर आधी सात लिहितात, मग त्याच्या उजवीकडे चार, झाले चौऱ्याहत्तर. काही मुले आधी सात लिहितात, क्षणभर थांबतात, आणि त्याच्या डावीकडे चार बसवितात. या दुसऱ्या मुलांचे उत्तर बरोबर येते म्हणून आपण पुढे जातो; पण त्यांची रीत उजवीकडून डावीकडे जाणारी आहे, आणि ‘तीनशे सत्तेचाळीस’ आले की तिची गाडी रुळावरून घसरते. एकोणतीस, एकोणचाळीस यांचा फास तर निराळाच, कारण तेथे जे अंक लिहायचे त्यांची नावेच उच्चारात नसतात. आमच्या मुलाच्या कानावर मात्र गल्लीत आणि बाजारात नलवत्तेळु, इप्पत्तेळु, एप्पत्तेरडु हे शब्द पडलेले असतात, आणि कन्नडच्या तासाला तर तो ते शिकतोच. नलवत्तेळु म्हणजे चाळीस आणि सात, अगदी लिहिण्याच्या क्रमाने. इप्पत्तोंबत्तु म्हणजे वीस आणि नऊ, एकोणतीससारखा आडवळणाचा हिशेब नाही. तेव्हा पुण्यामुंबईत जी रीत पुस्तकाने नव्याने घडवू पाहिली आणि जिची टिंगल झाली, ती येथे जिवंत भाषेत आयती उपलब्ध आहे. सत्तेचाळीस टाकून द्यावे असे मी मुळीच म्हणत नाही. आजी, दुकानदार आणि बसचा कंडक्टर तोच शब्द वापरणार, आणि तो मुलाला आलाच पाहिजे. स्थानिक किंमत शिकविताना मात्र फळ्यावर 47 लिहून प्रथम कन्नडमध्ये नलवत्तेळु, मग चाळीस सात, आणि शेवटी सत्तेचाळीस असे तिन्ही उच्चार लागोपाठ म्हणवून घ्यावेत, पाटीवर डावा अंक आधी लिहिण्याची सवय लावावी, आणि 27-72, 38-83, 56-65 अशा फसव्या जोड्या सकाळच्या प्रश्नांत अधूनमधून टाकाव्यात. मराठीच्या तासाला कन्नड आणू नये, ही जी एक अलिखित सोवळ्याची कल्पना काही शाळांत आहे, ती मराठीच्या हिताची नाही आणि गणिताच्या तर नाहीच नाही.

याच्या मुळाशी असलेले तत्त्व असे की, नवे ज्ञान रिकाम्या जागी रुजत नाही. ते आधी असलेल्याला चिकटते. कन्नडची लिपी डोळ्यांना परकी वाटली तरी तिची वर्णमाला क, ख, ग, घ याच क्रमाने चालते, स्वरचिन्हे व्यंजनाला तशीच जोडली जातात, आणि म्हणून देवनागरी वाचू लागलेल्या मुलाला कन्नड शिकविताना श्रीगणेशापासून आरंभ करण्याची गरज नसते. त्याला जेथे फरक आहे तेथेच थांबवावे. उदाहरणार्थ, कन्नडमध्ये ए आणि ओ यांचे ऱ्हस्व व दीर्घ असे दोन-दोन प्रकार आहेत, मराठीत ते नाहीत. मराठी मुलांच्या कन्नड शुद्धलेखनातील चुका पुष्कळशा येथे सापडतात, आणि त्या निष्काळजीपणाच्या नसतात. मराठीचे आणि कन्नडचे शिक्षक महिन्यातून एकदा अर्धा तास एकत्र बसले, तर अशा फरकांची एक छोटी यादी सहज तयार होईल. निजामी अमदानीत वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने तर ते पदवीपर्यंत नेले, आणि या भागातील मराठी व कन्नड घरांतील मुलांना परक्या भाषेतच सारे शास्त्र गिळावे लागले. ज्यांच्या घरी आधीच विद्येचा वारसा होता ती त्यातून तरली. स्वभाषेत नीट उमगलेला अपूर्णांक दुसऱ्या भाषेत नव्याने शिकावा लागत नाही, त्याचे फक्त नाव शिकावे लागते. कॅनडातील जिम कमिन्स यांनी 1979 पासून मांडलेल्या विचाराचे सार थोडक्यात असेच आहे. बोर्डीला 1945 साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी खेड्यातील बालशाळेचे काम सुरू केले, तेव्हा त्यांनी शिक्षणाची साधने भोवतालच्या परिसरातूनच उभी केली. ते काटकसरीपुरते नव्हते, मुलाच्या ओळखीच्या वस्तूंपासून निघण्याची ती दृष्टी होती. आमच्या मुलाला अपूर्णांक शिकविताना पुस्तकातील कापलेल्या केकपेक्षा पावशेर, अर्धा शेर, दीड किलो आणि भाकरीची चतकोर या गोष्टी कितीतरी जवळच्या आहेत.

मनाच्या आणखी एका मर्यादेची जाणीव शिक्षकाला असावी. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने 1956 साली असे दाखविले की, एका वेळी मनात धरून ठेवता येणाऱ्या सुट्या गोष्टींची संख्या सातच्या आसपास असते. पुढे नेल्सन कोवान यांनी ती चारच्या आसपास आणली. आडत बाजारातील गोदाम कितीही विस्तीर्ण असो, पोते आत नेणारा हमाल एकच असेल तर तो एका खेपेस जितके उचलेल तितकेच आत जाईल. दीर्घकालीन स्मृतीचे गोदाम विशाल आहे, पण हमाल हा असा आहे. आता हे उदाहरण पाहा: बारा पोती तूर, प्रत्येक पोत्यात 50 किलो, भाव क्विंटलला 7,000 रुपये, हमाली पोत्यामागे 15 रुपये, तर शेतकऱ्याच्या हाती किती रुपये येतील? वरवर सोप्या दिसणाऱ्या या उदाहरणात मुलाने मराठी वाक्य समजून घ्यायचे, एकूण वजन काढायचे, किलोंचे क्विंटल करायचे, गुणाकार करायचा, हमाली काढून वजा करायची, आणि हे करताना प्रश्न काय होता ते विसरायचे नाही. दुबळे मूल येथे गणितात नापास होत नाही, ते ओझ्याखाली बसते. जॉन स्वेलर यांनी 1985 पासून केलेल्या कामातून यावर जो उपाय निघतो, तो जुन्या शिक्षकांना अपरिचित नाही. प्रथम असे एक उदाहरण फळ्यावर पूर्ण सोडवून दाखवावे (600 किलो, 6 क्विंटल, 42,000 रुपये, हमाली 180, हाती 41,820) आणि प्रत्येक पायरी कशासाठी हे मुलांकडून वदवून घ्यावे. दुसऱ्या उदाहरणात शेवटची पायरी रिकामी ठेवावी. तिसऱ्यात शेवटच्या दोन. आणि मग संपूर्ण उदाहरण मुलाच्या स्वाधीन करावे. ज्यांना आधीच येते त्यांना मात्र सोडविलेली उदाहरणे पुन्हा वाचायला लावू नयेत. त्यांच्या दृष्टीने तोच उलटा भार होतो.

मुलांना रीत समजली की उदाहरणे मिसळून द्यावीत, ही सूचना शिक्षकांना सर्वांत कमी आवडेल, म्हणून तिच्याबद्दल आधीच सावध करून ठेवतो. वजाबाकीच्या पाठाखाली दिलेली दहाही उदाहरणे वजाबाकीचीच असतात, हे मुलांना वाचल्याशिवायच कळते. ती वाक्य वाचत नाहीत, आकडे उचलतात आणि मोठ्यातून लहान वजा करतात. डग रोहरर आणि केली टेलर यांच्या 2007 मधील प्रयोगात घनफळाची उदाहरणे एका गटाला प्रकारवार आणि दुसऱ्याला मिसळून दिली होती. सरावाच्या वेळी पहिल्या गटाची 89 टक्के बरोबर आली, दुसऱ्याची 60; आठवड्यानंतरच्या परीक्षेत पहिल्याची 20 टक्के आणि दुसऱ्याची 63. सरावाच्या वेळच्या त्या 89 टक्क्यांवर भाळून आपण किती वर्षे काढली, याचा विचार प्रत्येकाने खाजगीत करावा. मिसळलेल्या सरावात वर्ग अडखळतो, चुका दिसतात, आणि नेमक्या अशाच वेळी सीआरपी (समूह साधन व्यक्ती) किंवा बीईओ (गटशिक्षणाधिकारी) भेटीस आले तर शेरा काही चांगला पडत नाही. ज्या वरिष्ठांना एवढे समजून घेण्याची सवड असेल, त्यांना आजचा सराव दाखविण्याऐवजी महिन्यापूर्वीच्या पाठावरचे प्रश्न त्यांच्याच तोंडून मुलांना विचारायला सांगावे.

प्रशिक्षणवर्गांतून शास्त्राच्या नावाने येणारे सारेच शास्त्र नसते, हेही येथे सांगून टाकतो. मुलांचे ‘पाहून शिकणारी’, ‘ऐकून शिकणारी’ आणि ‘करून शिकणारी’ असे वर्ग पाडून प्रत्येकाला निराळे शिकवावे, ही कल्पना फार लोकप्रिय आहे; हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला तेव्हा तिला आधार देणारा पुरेसा पुरावा आढळला नाही. नकाशा सर्वांनीच पाहावा लागतो आणि कवितेची चाल सर्वांनीच ऐकावी लागते. डाव्या आणि उजव्या मेंदूची मुले हा प्रकारही त्याच मालिकेतला.

एका खोलीत दोन-तीन इयत्ता असलेल्या शिक्षकाला हे सारे वाचून ‘वेळ कोठे आहे?’ असे वाटणे साहजिक आहे. कर्नाटकातच याचे एक चांगले उत्तर सापडते. 1995 मध्ये म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात सुरू झालेल्या नली-कली पद्धतीत लहान इयत्तांची मुले कार्डांच्या आधारे गटागटाने आपापल्या पायरीवर काम करतात, आणि शिक्षक सर्वांना एकदम न शिकविता एका गटापाशी बसतो. वरच्या इयत्तांतही हे तत्त्व चालण्यासारखे आहे. चौथीला नवा पाठ शिकविताना पाचवीने गप्प बसून धडा ‘वाचावा’, असे सांगण्यात पाचवीचा तो वेळ जवळजवळ वाया जातो. तोच वेळ पाचवीने पुस्तक मिटून गेल्या आठवड्याच्या धड्यातील आठवेल ते वहीत लिहिण्यात, मग पुस्तक उघडून राहून गेलेले निराळ्या रंगाने भरण्यात घालविला तर दोन्ही इयत्तांचे काम होते. बहुवर्गाची जी अडचण म्हणून आपण कायम सांगतो, तीच आठवून लिहिण्याची उत्तम संधी आहे, कारण मुलाला वीस मिनिटे एकटे सोडावेच लागते.

आरंभ मात्र लहानच करावा. सर्व इयत्ता, सर्व विषय आणि सर्व उपाय एकदम हाती घेणाऱ्याचा उत्साह पंधरवड्यात ओसरतो, हे आपण पुष्कळ योजनांच्या बाबतीत पाहिले आहे. एक इयत्ता आणि एक विषय निवडावा, शक्यतो गणित; सकाळचे तीन प्रश्न रोज ठेवावेत; दर शनिवारी पुढच्या आठवड्याचे सारे प्रश्न एका वहीत लिहून ठेवावेत, म्हणजे सकाळच्या गडबडीत सुचण्याची वाट पाहावी लागणार नाही. जूनमधील पहिल्या दोन पाठांवरचे पाच प्रश्न त्याच वहीच्या शेवटच्या पानावर बाजूस काढून ठेवावेत, आणि मधल्या काळात ते नेमके तेच प्रश्न विचारू नयेत. दसऱ्याची सुट्टी संपून शाळा भरली की पहिल्या दिवशी, पुस्तक उघडण्यापूर्वी, हे पाच प्रश्न मुलांकडून पाटीवर सोडवून घ्यावेत व प्रत्येक प्रश्नाला किती मुलांचे उत्तर बरोबर आले ते तारखेसह नोंदवावे. ज्या विषयात अशी उजळणी केली नाही, त्यातीलही पाच प्रश्न त्याच दिवशी विचारून पाहावेत. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी मांडले, की पुढच्या सत्रात दुसरा विषय कोणता घ्यायचा हे ठरविण्यास कोणाच्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.